सोन्यावरची देवी

नाणकशास्त्राच्या ग्रंथांत ‘अनुकरण’ हा शब्द फार सढळपणे वापरलेला आढळतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्याला हसू नये. आम्हीही ‘प्रभाव’ या शब्दावर बरेच निभावून नेले आहे.

जबलपूरजवळचे तेवर म्हणजे कलचुरींची त्रिपुरी. अकराव्या शतकात येथील गांगेयदेवाने सोन्याची नाणी पाडली. एका बाजूस नागरीत त्याचे नाव, दुसरीस चतुर्भुज आसनस्थ लक्ष्मी. तिची पूर्वपीठिका शोधू लागले की गुप्तांच्या सुवर्णमुद्रा लागतात. त्यांतील आरंभीच्या मुद्रांवर सिंहासनस्थ देवीच्या हाती फळांनी भरलेले शिंग दिसते. हे शिंग कुषाणांच्या अर्दोक्षो देवीचे, आणि त्याही पलीकडे ग्रीकांच्या ट्युखेचे, रोमच्या फोर्तूनाचे. ‘दीनार’ हे नावही तिकडचेच. पुढे शिंग गळाले आणि कमळ आले. शिंगाचा अर्थ येथे कोणाला कळला नाही, असे मला वाटत नाही. भरहुत-सांचीच्या शिल्पांत समृद्धीसाठी कमळ आधीच सिद्ध होते. अनुवादक तरी याहून वेगळे काय करतो?

खुद्द रोमन सोने उत्तरेत फार थोडे सापडते. कुषाणांनी ते आटवून आपले सुमारे ८ ग्रॅमचे दीनार पाडले असावेत, असा तर्क आहे. दक्षिणेत मात्र रोमन नाण्यांना भोके पाडून, कड्या लावून ती अंगावर घातली जात. तेर, कोंडापूर येथे त्या धर्तीची मातीची पदकेही निघाली.

माझ्या आजीजवळ पुतळ्यांची माळ होती. पुतळी ही व्हेनिसच्या डुकाटाची वंशज. त्या नाण्यावर संत मार्कपुढे व्हेनिसचा अधिपती गुडघे टेकून असतो. आजीच्या लेखी उभा तो राम आणि गुडघे टेकलेला मारुती. ती रोज सकाळी माळेला हात जोडी. माझ्या शिक्षणासाठी ती माळ मोडली. सोनाराने वजन केले, मारुतीकडे पाहिलेसुद्धा नाही.

गांगेयदेवाच्या लक्ष्मीचे दैव त्या मानाने बरे. चंदेल, गाहडवाल यांनी ती उचलली. ११९२ च्या तराईच्या विजयानंतर मुहंमद घोरीनेही आपल्या सोन्याच्या नाण्यावर तीच लक्ष्मी ठेवली, आणि दुसऱ्या बाजूस नागरी अक्षरांत स्वतःचे नाव, आरंभी ‘श्री’ लावून.