रिकाम्या खुर्च्यांचं गणित

मोठं शहर, मोठा हॉल म्हणजे मोठा गल्ला, हे गणित मला तरी पटत नाही. एनबीएची धाकटी लीग २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा ग्रीनव्हिलचा संघ चौदा हजारांवर खुर्च्यांच्या हॉलमध्ये खेळायचा. पहिलंच विजेतेपद त्यांचं... आणि २००३ मध्ये संघ बंद! सुरुवातीच्या आठही शहरांतून २००६ पर्यंत संघ गेले.

उलट साउथ डकोटातलं सू फॉल्स बघा. वस्ती दोन लाखांच्या आसपास, राज्यात एनबीएचा संघ नाही. तिथला स्कायफोर्स १९८९ पासून टिकलाय (मधे लीगसुद्धा बदलली!). २०१३ पासून तो सव्वातीन हजार खुर्च्यांच्या सॅनफर्ड पेंटॅगॉनमध्ये खेळतो. दोन हजार लोक आले की हॉल कसा गजबजलेला वाटतो. तेवढेच लोक ग्रीनव्हिलच्या हॉलमध्ये बसवून बघा!