भीष्म गरगर फिरायलाय!

सेलू, जि. परभणी

चि. भाचेबाईस,


मालिका एकदम न सोडता आठवड्याला एकेक भाग द्यायचा आणि मधल्या दिवसांत प्रेक्षकांना तर्क लढवत ठेवायचं, ही 'वांडाव्हिजन'वाल्यांची युक्ती तुझ्या मित्रमंडळींना फार भावली, असं तू फोनवर म्हणालीस. १५ जानेवारी ते ५ मार्च २०२१, एकूण नऊ भाग, आणि दर शुक्रवारी जगभर काथ्याकूट. युक्ती झकासच आहे. पण तीच युक्ती, दुसरा इलाज नव्हता म्हणून, परभणी जिल्ह्याने १९९७ साली अनुभवली होती. इथल्या प्रेक्षकांनी तर नुसते तर्क लढवले नाहीत, मालिकेलाच थोडंफार वाकायला लावलं. 'शक्तिमान'चे पहिले महिने इकडे कसे गेले ते तुला तुझ्या लेखासाठी लिहून हवं होतं. घे.

१३ सप्टेंबर १९९७, शनिवार. घरोघरी गणपती बसलेले होते आणि चारच दिवसांवर मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आलेलं. हिंगोली अजून याच जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं १ मे १९९९ ला. दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर दिनकर जानी यांनी दिग्दर्शित केलेली एक नवी मालिका सुरू झाली, निर्माते आणि नायक मुकेश खन्ना. आता, सुपरहिरो हा शब्द तेव्हा इकडच्या किती घरांत ठाऊक असेल? पण मुकेश खन्ना सगळ्यांना ठाऊक होते. १९८८ ते १९९० या काळात ज्यांनी बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' पाहिलं होतं, त्यांच्या लेखी हा माणूस पितामह होता. पांढरी दाढी काढून, अंगाला चिकटलेला पोशाख घालून, एक हात वर करून तो भिंगरीसारखा फिरायला लागला, तेव्हा ओसरीवरच्या म्हाताऱ्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: "आरं, भीष्म गरगर फिरायलाय की लेका!"

त्यात थट्टा होती आणि थोडा धक्काही. आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केलेल्या माणसाने हे काय चालवलंय, असा. पुढे अंधाराचा सम्राट तमराज किल्विष दिसला, त्याच्या मेकअपखालचे सुरेंद्र पाल ओळखायला लोकांना जरा वेळ लागला. ओळखल्यावर मात्र मजा वाढली, कारण तेच 'महाभारता'तले द्रोणाचार्य. म्हणजे कुरुक्षेत्रावर एकाच बाजूने लढलेले दोघे आता समोरासमोर. थोरांना या मालिकेत गोडी लागली ती इथून. मुलांसाठी ती सुपरहिरोची गोष्ट होती आणि त्याच खोलीत बसलेल्या आजोबांसाठी पौराणिकाचा पुढचा अध्याय.

आजोबांकडे आणखी एक किल्ली होती. शक्तिमानची ताकद कुठल्या परग्रहावरून किंवा कोळ्याच्या चावण्यातून आलेली नव्हती; ती आली योगसाधनेतून, कुंडलिनी जागी होऊन, पंचमहाभूतांतून. ज्या जिल्ह्यात गंगाखेडला जनाबाईचं गाव आहे आणि पारायण करणाऱ्या घरांत ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचला जातो, तिथे कुंडलिनी समजावून सांगावी लागत नाही. उलट म्हातारीकोतारी माणसंच नातवांना सांगत, हे चक्र म्हणजे काय, ते चक्र कुठं असतं. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात चष्मा लावून बावळटपणा करणारा सुपरमॅन ज्यांनी पाहिला होता, त्यांना 'आज की आवाज'मधला दात पुढे आलेला छायाचित्रकार पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री ही सरळ नक्कल वाटली असेल. वाटणं चूक नाही. (सुपरमॅनचं शहर खरं तर मेट्रोपोलिस, पण इकडे अमेरिका म्हणजे न्यूयॉर्कच.) मात्र सेलू, पाथरी, मानवतच्या बहुतेक प्रेक्षकांनी मूळ पाहिलंच नव्हतं, त्यामुळे नक्कल ओळखायचा प्रश्न आला नाही. ते लांबलचक नाव एका दमात म्हणता येणं ही मात्र पोरांमध्ये परीक्षा होऊन बसली.

मालिकेवर त्या काळी आणि नंतरही सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे तिची करामत फार स्वस्त दिसायची. आकाशात उडणारा शक्तिमान मागच्या ढगांना चिकटवल्यासारखा. हे आज संगणकावर स्पष्ट दिसतं. पण इथला संच लक्षात घे. कौलांवर किंवा पत्र्यावर अँटेना, वारं आलं की ती फिरायची, मग एक पोरगं वर आणि एक खाली, "आली का? अजून थोडी, बस्स!" चौदा इंची काळा-पांढरा पडदा, त्यावर मुंग्या. लाईट गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. अशा पडद्यावर कडा कुठे फाटलीय ते कोणाला दिसणार? खराब प्रक्षेपणाने शक्तिमानची लाज राखली, असं माझं स्पष्ट मत आहे. औरंगाबादजवळच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता, तरी रंगीत संच गल्लीत एखाद्याकडेच. त्या घराची ओसरी भरलेली आणि घरमालकाचं पोरगं सगळ्यांवर हुकूम सोडणारं.

बाकीच्यांना शक्तिमानचा रंगच माहीत नव्हता. कोणी म्हणे निळा, कोणी म्हणे काळा. त्याचा निकाल लावला बिस्किटाने. पार्ले-जी मालिकेचं प्रायोजक होतं आणि कंपनीने शक्तिमानच्या चित्रांच्या वस्तू भरपूर वाटल्या. किराणा दुकानात पोशाख लालसर-किरमिजी आणि छातीवरचं चक्र सोनेरी निघालं, तेव्हा कित्येक पैजा फिटल्या. चहात बुडवायच्या पुड्यामुळे नायक रंगीत झाला, हे कुठल्या जाहिरातवाल्यालाही सुचलं नसतं.

आता खरी अडचण ऐक. मालिका शनिवारी सकाळी, आणि महाराष्ट्रात शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मोकळीक म्हणून इतर वेळी आवडणारा हा वार एकाएकी पोरांच्या डोळ्यांत खुपू लागला. पोटदुखी, डोकेदुखी, मामाच्या गावाला जायचंय, अशी कारणं शनिवारीच दाटून यायला लागली. खन्ना यांच्याच सांगण्याप्रमाणे मुलं शाळा बुडवून मालिका बघतात अशा तक्रारी त्यांच्यापर्यंत गेल्या, आणि पुढे मालिका रविवारी दुपारी आली. हे सोपं नव्हतं. प्रायोजित मालिकांचा व्यवहार असा की निर्माता दूरदर्शनला वेळेचं भाडं भरतो, बदल्यात मिळालेला जाहिरातींचा वेळ विकतो. रविवारचं भाडं जास्त. म्हणजे देशभरच्या शाळाबुडव्या पोरांनी एका निर्मात्याचा खर्च वाढवला आणि वार बदलून घेतला. असा दबाव आज कुठल्या प्रेक्षकांना जमतो, मला सांग.

रविवारीही सगळ्यांचं भागलं असं समजू नकोस. हा कापसाचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की सुट्टीच्या दिवशी पोरं आईबरोबर रानात जातात, मजुरी किलोवर मिळते. भाग हुकला की हुकला. पुन्हा बघायची सोय नाही, कुणाकडे टेप नाही. मग सोमवारी शाळेत ज्याने पाहिलाय तो सांगायचा आणि बाकीचे ऐकायचे. हा सांगणारा फार महत्त्वाचा माणूस. जी मारामारी पडद्यावर दोन मिनिटांची, ती मधल्या सुट्टीत दहा मिनिटं चालायची. डॉक्टर जैकालचं "पॉवर!" तो जीव तोडून ओरडायचा, किल्विषचं "अंधेरा कायम रहे" खर्जात म्हणायचा, आणि जे आठवत नसेल ते बिनदिक्कत घालायचा. हिंदीची अडचण नव्हती. निजामाच्या राज्यात राहिलेल्या या मुलखात दखनी हिंदी बाजारातच कानावर पडते. त्यामुळे किल्विषचे संवाद कधी दखनीत, कधी मराठीत, कधी दोन्हीची खिचडी करून यायचे. परभणीतल्या अनेकांनी 'शक्तिमान'चे पहिले भाग पाहिलेले नाहीत, ऐकलेले आहेत. आज ते छातीठोकपणे जे प्रसंग सांगतात, त्यातले काही चित्रितच झाले नसावेत.

गीता बदलली, त्यावरही दोन तट पडले. वार्ताहर गीता विश्वासची भूमिका सुरुवातीला किटू गिडवानी करायच्या, नंतर वैष्णवी महंत आल्या. पोरांना ही फसवणूक वाटली. थोरांना काही वाटलं नाही. नाटक-तमाशात पात्र बदलतं हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. पण वैष्णवींना पोरांनी लवकर स्वीकारलं, इतकं की आज किटू गिडवानींचं नाव काढलं तर बरेच जण वाद घालतात की त्या मालिकेत नव्हत्याच.

मग भीतीचा काळ आला. कुठे तरी कुणी मुलाने शक्तिमान वाचवायला येईल म्हणून गच्चीवरून उडी मारली, कुणी अंगावर रॉकेल ओतून घेतलं, अशा बातम्या देशभर छापून येऊ लागल्या. त्यातल्या कित्येक खऱ्या नव्हत्या, असं खन्ना पुढे सांगत राहिले. बातमी गावात पोचेपर्यंत तिचं गाव बदललेलं असे. जिंतूरला सांगत पूर्णेत झालं, पूर्णेत सांगत जिंतूरला. आईबापांना पुराव्याशी देणंघेणं नव्हतं. समोर पोरगं ज्वारीच्या कणगीवरून हात वर करून उडी मारत होतं, तेवढा पुरावा त्यांना पुरे होता. काही घरांत टीव्हीवर कापड पडलं ते परीक्षा होईपर्यंत.

हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत १९५२ साली सुपरमॅनची टीव्ही मालिका आली तेव्हा नट जॉर्ज रीव्हज यांनाही मुलांना बजावावं लागलं होतं की उडणं त्यांचं काम नव्हे. आणि 'शक्तिमान' सुरू होऊन तीनच महिने झाले होते, तेव्हा जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या झगमगाटाने झटके, चक्कर, उलट्या होऊन ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. तिथे मालिका चार महिने बंद ठेवली. आपल्याकडे बंद झाली नाही. खुद्द शक्तिमान पडद्यावर येऊन सांगू लागला की हे कसरतींचे प्रसंग आहेत, नक्कल करू नका. मला हा तोडगा शहाणपणाचा वाटतो. पोरांनी ऐकलं असतं ते फक्त त्याचंच.

भागाच्या शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' यायच्या. कचरा इकडेतिकडे टाकणारा, दात न घासणारा मुलगा शक्तिमानच्या तावडीत सापडायचा आणि शेवटी "सॉरी शक्तिमान" म्हणायचा. अमेरिकेतल्या 'ही-मॅन'लाही असंच बोधाचं शेपूट असायचं. मोठ्यांना हाच भाग सर्वांत पसंत होता, आणि गुरुजींना तर फारच. पोरांनी त्याचं काय केलं? वर्गात छडी खाताना "सॉरी शक्तिमान" म्हणून हशा पिकवला. बोधाचं पोरांच्या हातात असंच होतं आणि त्यात काही बिघडत नाही.

२७ मार्च २००५ ला मालिका संपली तेव्हा इकडे फारशी हळहळ झाली नाही. पहिल्या वर्षाची पोरं कॉलेजात गेली होती, केबल आली होती. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली. तेव्हाची पोरं आता बाप झालेली. त्यांनी आपापल्या लेकरांना मोठ्या हौसेने समोर बसवलं. लेकरं हसली. पडदा मोठा, चित्र स्वच्छ, आणि ढगांना चिकटलेला शक्तिमान लख्ख दिसत होता. बापमंडळींचा चेहरा पडला. एकाने मला सांगितलं, "काका, आमच्या टायमाला हा असा नव्हता." त्याचं खरं होतं, असंच मी म्हणेन; त्याने पाहिलेला निम्मा मुंग्यांचा होता आणि उरलेला निम्मा मधल्या सुट्टीतल्या त्या सांगणाऱ्याचा.

तुझ्या लेखासाठी मात्र एक बाजू माझ्याकडे नाही. ओसरीवर पुढे पोरं बसायची, मुली मागे, दारात, अर्धं लक्ष चुलीकडे. प्रश्न विचारत फिरणारी, धोक्यात शिरणारी वार्ताहर गीता त्यांना कशी वाटली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. तुझी आई तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीनच लागली होती. शनिवारच्या हजेरीचा हिशोब तिला द्यावा लागायचा आणि वर्गातल्या मुलीही तिच्याशीच बोलायच्या. तिला फोन कर. सकाळी नको, दुपारी जेवणं झाल्यावर कर, म्हणजे निवांत बोलेल.

तुझा,
मामा