गॅब्रिएलची पहिली एकल तबकडी
१९७५ साली पीटर गॅब्रिएलने ‘जेनेसिस’ सोडले, तेव्हा तो पंचविशीत होता. गायकाविना हा बँड टिकणार कसा, हा प्रश्न स्वाभाविक होता. परंतु ड्रमवादक फिल कॉलिन्सने गायन हाती घेतले आणि १९७६ चा अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. स्वतःला सिद्ध करण्याचे ओझे आता निघून गेलेल्यावर आले.

१९७७ मध्ये त्याची पहिली एकल तबकडी आली : ‘सॉल्सबरी हिल’. बाथ शहराजवळची ही टेकडी. माथ्यावर लोहयुगीन गढीचे अवशेष. गाणे सात मात्रांत बांधलेले. रूपक ऐकलेल्या आपल्या कानाला त्याचे नवल नाही. चार मात्रांच्या रॉकला सरावलेल्या पावलांना मात्र ते अडखळवणारे. तरीही ब्रिटनमध्ये ते तेराव्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेत अडुसष्टाव्यावरच थांबले.

मला हा तेरावा क्रमांक धीर देतो. माझा व्हिसा कंपनीच्या प्रायोजकत्वावर टांगलेला आहे, गावच्या घराचे हप्ते माझ्या पगारातून जातात, आणि राजीनाम्याचा मसुदा तीन आठवडे तसाच पडून आहे. आईला अद्याप सांगितलेले नाही. गॅब्रिएलपाशी निदान नाव होते, हेही खरे.

याच गायकाने १९८० मध्ये स्टीव्ह बिको यांच्यावर गाणे केले; आपल्यापैकी काहींना तो तेथूनच परिचित असेल. बँडमध्ये राहून त्याच्या हातून ते घडले असते, असे मला वाटत नाही.