निरांजन आणि फ्लॅश

फ्लॅशनं निरांजनाचा उजेड पुसून टाकावा, हे आक्कांना कधीच पटलं नाही. कराडच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. त्यामुळे चेहऱ्यावरची छाया कुठून येते आणि कुठं विरते, तिकडे त्यांचं लक्ष आधी जातं. कॅमेरा त्यांच्या हातात आला तो घरातल्या कार्यांच्या निमित्तानं: बारसं, साखरपुडा, हळद, भाऊबीज. ही बहुतेक कार्यं रंगतात दिवेलागणीनंतर, ट्यूबलाइटच्या नाहीतर मांडवातल्या पिवळ्या दिव्यांच्या उजेडात. फ्लॅशशिवाय निभाव नसे.

लहानपणी त्यांनी पाहिलेला फ्लॅश लग्नाच्या फोटोग्राफरचा. चकचकीत वाटीत बसवलेला बल्ब, दर फोटोला नवा. जळालेला गरम बल्ब थंड झाला की पोरं तो उचलायला धावत. त्याच्याही आधी मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची पद्धत होती. १८८७ मध्ये जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी असं मिश्रण तयार केलं आणि लवकरच पत्रकार जेकब रीस ते घेऊन न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरला. १८९० मध्ये त्याचं ‘हाउ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं आणि गरिबांची घरं शहरासमोर उघडी पडली. फ्लॅशचं याहून मोठं काम क्वचितच कुणी केलं असेल. पण त्या फोटोंतल्या काही डोळ्यांत दचकणं कायमचं राहून गेलं आहे. आक्कांना नेमकं तेच नको होतं.

मग त्यांच्या घरात याशिका एमएफ-२ हा कॅमेरा आला. रोल छत्तीस फोटोंचा, धुऊन हातात पडेपर्यंत कोण कुठं उभं होतं हेही विसरायला होई. खरं शिक्षण झालं ते २००५ नंतर, भाच्यानं दोन पेन्सिल सेलवर चालणारा कॅनन पॉवरशॉट आणून दिल्यावर. फोटो लगेच पडद्यावर दिसू लागला आणि चूक ताजी असतानाच कळू लागली.

सगळ्यात आधी उमगलं ते अंतर. अशा कॅमेऱ्याचा फ्लॅश नखाएवढा, त्याचा पल्ला जेमतेम तीन-साडेतीन मीटर. अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. म्हणून दोन रांगांच्या फोटोत पुढची मुलं पांढरीफटक आणि मागच्या काकू काळोखात. आक्का माणसांना अर्धगोलात, कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर उभं करू लागल्या. झूम तर त्यांनी सोडूनच दिला. झूम केला की भिंगाचं छिद्र लहान होतं आणि फ्लॅशचा पल्ला आणखी आखडतो. फार जवळ गेलं तर नाक मोठं दिसतं. दीड-दोन मीटर हे त्यांचं ठरलेलं अंतर. भिंतीला टेकून कुणी उभं राहिलं, की त्याला दोन पावलं पुढं बोलवायचं, म्हणजे मागची काळी सावली फोटोबाहेर पडते.

भाऊबीजेचा प्रश्न वेगळा होता. साधा फ्लॅश मारला, की ओवाळणाऱ्या बहिणीचा चेहरा लख्ख, पण तबकातली ज्योत विझल्यासारखी. उपाय कॅमेऱ्यातच होता: माणूस आणि चांदणी असं चित्र असलेला रात्रीचा मोड. त्यात फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात चमकतो, पण शटर त्यापुढेही काही वेळ उघडं राहतं आणि खोलीतला उजेड सावकाश आत येतो. कोपर खांबाला टेकवून धरलं, की चेहरे स्पष्ट आणि फिरणाऱ्या ज्योतीची सोनेरी रेघ त्यांच्याभोवती. फ्लॅशचा रंग दिवसासारखा, सुमारे ५५०० केल्विन, तर ज्योतीचा २००० च्या आसपास. चेहरा गोरा आणि मागची भिंत केशरी होते ती यामुळेच, आणि त्या केशरी रंगानंच घर घरासारखं दिसतं.

लाल डोळ्यांचं कारणही तसंच सरळ. अंधारात बाहुली मोठी झालेली असते. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाला खेटून असल्यानं डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांवरून परतलेला उजेड थेट भिंगात येतो. यावर कॅमेरा आधी एक चमक देतो, म्हणजे बाहुली आक्रसते. पण त्या पहिल्या चमकेला फोटो झाला समजून माणसं वळतात. आक्का आधीच सांगून ठेवतात, “दोनदा चमकेल, दुसऱ्यापर्यंत हलायचं नाही.” आणि घरातले सगळे दिवे लावायला लावतात. उन्हातही त्या फ्लॅश बंद ठेवत नाहीत. फेट्याखाली, टोपीखाली डोळ्यांवर सावली असते, ती त्यानं भरून निघते.

आता तोच कॅमेरा भाच्याच्या मुलीला हवा आहे. तिच्या वयाच्या मुलींना जुने डिजिटल कॅमेरे आवडू लागलेत. २०२५ मध्ये कॅनननं २०१६ चा एक छोटा कॅमेरा जरासा बदलून पुन्हा बाजारात आणला, तो याच आवडीपायी. फोनच्या दिव्यात ती झटक्याची चमक नाही, उडणारी हळद जागीच थिजवायची ताकद नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. चुलतबहिणीच्या हळदीत तिनं अगदी जवळून फोटो घेतला: हळदीनं माखलेले गाल, दात दिसेपर्यंत हसू, हवेत पिवळे थेंब.

आक्कांनी पडदा डोळ्यांजवळ धरून पाहिला. “झकास आलाय. पण मागं आज्जी बसलीय ती दिसतच नाही बघ. तिला पुढं घे आणि परत काढ.”