पल्याडची आत्या

आमच्या वाडीचा जुना पूल बुटका. मांजरेला पाणी वाढलं की आधी तोच बुडायचा, आणि जो तो एकच विचारायचा, ‘पूल दिसलालाय का?’ कठडे नव्हतेच. कडेला गुडघ्याएवढे दगड, त्यांना पुरात वाहून आलेला कडबा अडकलेला.

निलंग्याच्या खाली औराद शहाजानीजवळ तेरणा मांजरेला मिळते. पल्याड भालकी. आत्याला तिकडं दिली तेव्हा दोन्ही थड्या निजामाच्याच, बीदर जिल्ह्यातल्या. लेक नदीपल्याड दिली, एवढंच. १ नोव्हेंबर १९५६ला पल्याड म्हैसूर राज्य झालं, अल्याड मुंबई. निलंगा उस्मानाबादेत गेला, १९८२ला लातुरात आला. आत्या न हलता परराज्यात गेली. ह्याचं मला आजही वाईट वाटतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पण येळवस आली की ती यायचीच. मार्गशीर्षातली अवस, नदी उतरलेली, तुरी वाळायला लागलेल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आंबिलीचं मडकं, तोंडाला धडपा बांधलेला. पुलाच्या मध्यावर थांबून ती हाताने थोडी आंबील नदीत सोडायची. मग शेतात कडब्याची कोप, भज्जी, उंडे. आंबील शिंपडत शिवारभर जो हाकारा घालतात, त्यातले कितीतरी शब्द कानडी वळणाचे. आम्ही ते आमचेच समजून ओरडायचो. होतेच ते आमचे.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने किल्लारीकडची गावं गाडली. आमचीही दगडमातीची माळवदं फाटली, पूल मात्र राहिला. २०१६च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं तेव्हा, मी पहिल्यांदाच त्याच्या पोटाखालून चाललो. कमानीच्या दगडावर टाकीचे घाव अजून ताजे दिसत होते, तिरपे, एका हाताचे. कुण्या पाथरवटाचे, नाव कुठंच कोरलेलं नाही. सांध्यात पाकोळ्यांची मातीची घरटी.

आता शेजारी उंच पूल झालाय. मोटारी काच न उतरवता राज्य ओलांडतात.

येळवशीला मी अजून जुन्याच पुलावरून जातो. आत्या नाही. मध्यावर थांबतो, मडक्यात हात घालतो. थंडगार, आंबूस, ज्वारीच्या कण्या बोटांना लागतात. ओंजळ उघडली की खाली पांढरा ढग होतो, आणि पल्याडच्या अंगाला सरकत विरतो.