कळपातलं वेगळं मेंढरू

मार्गशीर्षातली गोष्ट. घोडेगावला घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर भाच्याला घेऊन गच्चीवर गेलो, तर तो म्हणाला, "मामा, आपल्या गिरवलीच्या दुर्बिणीतून नवीन ग्रह सापडतो का रे?"

गिरवलीच्या डोंगरावर 'आयुका'ची दोन मीटर आरशाची दुर्बीण २००६ साली उभी राहिली. पलीकडे जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या. एवढं सगळं दाराशी असताना पोराला असा प्रश्न पडणारच! पण मला आठवली सिल्व्हिया, आणि ती सापडली होती मद्रासच्या वेधशाळेत.

१६ मे १८६६. नॉर्मन पॉगसन तेव्हा तिथले प्रमुख होते आणि चिंतामणी रघुनाथाचारी त्यांचे सहायक. तेव्हा अशा शोधासाठी छायाचित्रं वापरत नसत. दुर्बिणीतून दिसणाऱ्या ठिपक्यांशी ताऱ्यांचे नकाशे ताडून बघायचे, आणि नकाशात नसलेला ठिपका दिसला की पुढच्या रात्री परत बघायचं, सरकलाय का? सिल्व्हिया पृथ्वीच्या जवळ असते तेव्हाही एका दिवसात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढीच सरकते. त्यातून ती डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी अंधुक.

भाच्याला हे सांगताना मला आमच्या रानात बसायला येणारे धनगर आठवले. शेकडो मेंढरांत दुसऱ्याचं एक घुसलं तरी त्यांना लगेच कळतं. आपल्याला सगळी सारखीच! नवीन ओळखायचं तर आधी जुनं पाठ असावं लागतं, एवढंच त्यातलं गुपित.

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात सिल्व्हिया अगदी बाहेरच्या कडेला आहे. सूर्यापासून सुमारे ५२ कोटी किलोमीटर, म्हणजे आपल्या साडेतीन पट लांब. तिचं वर्ष साडेसहा वर्षांचं. सापडल्यापासून तिच्या चोवीसहून जास्त फेऱ्या झाल्या.

नाव ठेवलं ते रोमन पुराणातल्या रिआ सिल्व्हियाचं, रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांच्या आईचं. गंमत बघा, २००१ साली तिला एक चंद्र सापडला, २००४ च्या वेधांत दुसरा. मग २००५ मध्ये त्यांची नावं ठेवली गेली, रोम्युलस आणि रेमस! दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिलाच लघुग्रह. आईचं बारसं आधी झालं आणि लेकरं जवळजवळ १४० वर्षांनी घरी आली... त्या चंद्रांच्या फिरण्यावरून तिचं वजनही काढता आलं. आकार सुमारे २७० किलोमीटर, पण घनता पाण्यापेक्षा थोडीच जास्त. म्हणजे तो अखंड कातळ नसावा. मुरमाच्या ढिगासारखं, आत पोकळ्या असलेलं काहीतरी असावं.

भाचा ऐकत होता. मग त्याने वर बोट केलं. "मामा, ते सरळ रेषेतले तीन कुठले?"

आमच्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं. रात्रीचं भरणं असलं की तिकांडं कुठवर चढलंय ते बघून ते उठायचे. बाजलं आणि त्याच्या मागचे तीन चोरही त्यांनीच आम्हाला दाखवले होते. मी "तिकांडं" असं नाव सांगितलं खरं, पण "मग आता किती वाजले?" असं त्याने विचारल्यावर माझा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला.

आता गावाच्या तिन्ही बाजूंना दिव्यांचा उजेड आहे. तारे तसेही कमीच दिसतात. पण जे दिसतात ते तरी मला कुठे पाठ आहेत? माझ्या आभाळात उद्या एखादा परका ठिपका आला, तर मला कळणार नाही. आजोबांना कदाचित कळला असता.

दुसऱ्या रात्री आम्ही वही घेऊन गच्चीवर गेलो. भाच्याने तीन ठिपके काढले आणि शेजारी वेळ लिहिली. अजून बरंच आभाळ बाकी आहे.