मागील पानावरून पुढे

आठवडाभर ऑफिसात कोड लिहायचा आणि शनिवारी पुन्हा कोडबद्दलच लिहायचं, हे जरा अतीच आहे. पण आज इलाज नाही. विषय आहे स्क्रोलबार. हसू नका! खिडकीच्या उजव्या कडेची ती करडी पट्टी नीट चालते तोवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ती नीट नसली की काय होतं, ते मी सोलापुरात पाहिलं.

माझे मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतात. सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत असतात, पण तो टॉवेल विणणाऱ्याला मजुरी नगावर मिळते हे पुण्या-मुंबईच्या लोकांना फारसं माहीत नसतं. किती नग विणले, त्यातले किती पास झाले, त्यावर आठवड्याचे पैसे. तपासणीच्या टेबलावर माल पास झाला की तिथे एन्ट्री होते आणि मामांच्या स्क्रीनवर एक ओळ वाढते: लूम नंबर, विणकराचा नंबर, नग, वजन, शेरा. दिवसाला हजारेक ओळी.

आता मामा सकाळच्या ओळी तपासायला वर गेले, की तेवढ्यात खाली नवी ओळ यायची आणि खिडकी धाडकन तळाशी! परत वर जा, परत शोधा, परत धाडकन. मामा जुन्या वळणाचे, खतावणीवर फूटपट्टी ठेवून ओळ वाचणारे. त्यांनी ती पट्टी मॉनिटरलाही लावून बघितली. पट्टी जागेवर, ओळ पसार. एकदा एका विणकराचे १२ नग असेच दुसऱ्याच्या नावावर गेले आणि तो माणूस रविवारी कमी पैसे घेऊन बाजारात गेला. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी सगळं डॉट मॅट्रिक्सवर छापून घ्यायला लागले. "अरे, कागद पळत नाही," एवढंच त्यांचं म्हणणं.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, नवीन एन्ट्री दिसायला हवी ना, म्हणून ते फीचर आहे. असो. सुदैवाने सगळ्या एन्ट्र्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्येही जात होत्या. ती फाइल वाचणारी वेगळी खिडकी मी दोन शनिवारांत लिहून दिली.

मूळ नियम एका ओळीचा आहे. वाचणारा आधीच तळाशी असेल तरच त्याला नव्या तळाशी न्यायचं, नाहीतर तो जिथे आहे तिथेच राहू द्यायचं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'स्क्रोल ऑन आउटपुट' आणि 'स्क्रोल ऑन कीस्ट्रोक' अशा दोन वेगळ्या सेटिंग असतात त्या याचसाठी. तुम्ही स्वतः काही टाइप केलंत तर तळाशी जाणं ठीक, पण प्रोग्रॅमला बोलायचंय म्हणून तुमचं पान उलटायचा त्याला काय हक्क?

गंमत क्रमात आहे. वाचणारा तळाशी आहे का, हे ओळ घालण्याच्या आधी विचारावं लागतं. नंतर विचारलं तर ओळ वाढलेली असते, तळ खाली सरकलेला असतो आणि उत्तर कायम 'नाही' असंच येतं.

पण तेवढ्याने भागत नाही. तपासणीवाला जुन्या ओळीत मागाहून शेरा भरतो. शेरा लांब असला की ती ओळ दोन ओळींची होते आणि तिच्या खालचं सगळं ढकललं जातं, म्हणजे मामांची ओळ पुन्हा हलली. वेबवर बातमी वाचताना वर जाहिरात उघडते आणि परिच्छेद खाली पळतो, तोच हा प्रकार. क्रोमने २०१७ साली ५६व्या आवृत्तीत यावर 'स्क्रोल अँकरिंग' आणलं. डेस्कटॉपवर ते हाताने करायचं: दिसणारी सर्वात वरची ओळ कोणती आणि ती किती पिक्सेल कापली गेलीय हे लक्षात ठेवायचं, बदल करायचा, मग तीच ओळ परत तिथेच आणून ठेवायची.

त्यात सोलापूर! इथे मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही कानावर पडतात आणि फाइलमध्येही शिरतात. शेऱ्यात कोणी व्हॉट्सॲपवरून आलेलं व्यापाऱ्याचं कन्नड नाव तसंच पेस्ट केलं, की विंडोज तेवढ्यापुरता दुसरा फॉन्ट घेतं आणि ती ओळ उंच होते. मराठीतसुद्धा 'सर्वांचे' मधला रेफ आणि अनुस्वार वर जागा मागतात, उकार खाली. इंग्रजी फॉन्टची उंची धरून 'ओळ क्रमांक गुणिले उंची' केलं तर मात्रा कापल्या जातात आणि हजाराव्या ओळीपर्यंत हिशेब पार गडगडतो. प्रत्येक ओळीची उंची मोजून ठेवणं हाच मार्ग.

अजून एक खोच. विंडोजमध्ये स्क्रोलबार ओढला की जो मेसेज येतो त्यात जागा १६ बिटांत असते, म्हणजे फार तर ६५,५३५. ओळ २२ पिक्सेलची धरली तर हजेरी सोमवारी सुरू करून बुधवारी संध्याकाळीच ती मर्यादा येते. त्यापुढे पट्टी ओढली की खिडकी थेट सोमवारी सकाळी! म्हणून मेसेजमधला आकडा न घेता 'गेटस्क्रोलइन्फो'ला विचारायचं, तिथे ३२ बिट मिळतात.

खिडकी बसवली. मामांनी पेज डाऊन दाबत दाबत आठवडा बघितला आणि म्हणाले, "सगळं छान आहे रे, पण मागचं पान कुठे गेलं?" मला कळेना. मग त्यांनी कपाटातून जुनी खतावणी काढली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' आणि पुढे आकडा. वरचं सगळं नजरेआड झालं तरी त्याची बेरीज डोळ्यासमोर. इतकी वर्षं स्क्रोलिंगचा कोड लिहितोय, पण हे मी कुठल्याही टूलकिटमध्ये पाहिलेलं नाही.

तेही घातलं. खिडकीच्या माथ्यावर एक न हलणारी ओळ आहे, वर सरकून गेलेल्या नगांची बेरीज दाखवणारी. प्रत्येक ओळीसोबत तिथवरची चढती बेरीज साठवलेली असते, त्यामुळे चाक कितीही जोरात फिरवा, आकडा लगेच येतो. मधली एखादी ओळ दुरुस्त झाली तर पुढच्या काही हजार बेरजा पुन्हा कराव्या लागतात, पण कॉम्प्युटरला त्याचं काहीच नाही.

रोजचं छापणं बंद झालंय. मजुरी वाटायच्या आदल्या संध्याकाळी मात्र एक प्रत अजून निघते, फूटपट्टी तिच्यावरच असते. आता मामांना खिडकीच्या तळाशी 'पुढील पानावर'ही हवंय. बघू, पुढच्या शनिवारी.